गळ टाकण्यापूर्वी

शुभवर्तमानात मासेमारीचे प्रसंग पुष्कळ आहेत. परंतु ते बहुतेक जाळ्याचे आहेत. गळाचा उल्लेख मात्र एकदाच येतो. कफर्णहूम येथे मंदिराचा कर वसूल करणारे पेत्राकडे येतात, तेव्हा प्रभू येशू त्याला सरोवरावर जाऊन गळ टाकावयास सांगतो आणि जो मासा पहिल्याने वर येईल तो धरावयास सांगतो. त्या माशाच्या तोंडात सापडलेल्या नाण्याने दोघांचाही कर भागतो. संत मत्तयाने सतराव्या अध्यायात सांगितलेल्या या चमत्कारावर आजवर अनेक प्रवचने झाली असतील. आजच्या विषयाच्या दृष्टीने मला त्यातील दोन साध्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. गळ टाकण्यास तेथे कारण होते. आणि पहिल्या माशापाशीच ते काम संपले होते.

हा विषय निघाला तो एका तरुणाच्या प्रश्नामुळे. आपल्या नंदाखाल परिसरातील अनेक मुले आज नोकरीनिमित्त परदेशी आहेत. त्यांपैकी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्थायिक झालेला एकजण सुट्टीत घरी आला असता मला म्हणाला, ‘‘फादर, तिकडचे माझे सोबती सॅमन आणि स्टीलहेड नावाचे मासे धरायला नदीवर जातात. गळाला खऱ्या किड्याऐवजी पिसांची खोटी माशी बांधतात. तासन्‌तास थंड पाण्यात उभे राहतात. मासा लागला की त्याला दमवून जवळ आणतात आणि पुष्कळदा तसाच सोडून देतात. मलाही ते शिकायला बोलावतात. घरी सांगितले तर आजी हसली. खायचा नाही तर धरायचा कशाला, म्हणाली. मला काही उत्तर सुचले नाही. मी सुरुवात करू की नको?’’

आजीचा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथात शोभावा असा आहे. परमेश्वराने मानवाला सृष्टीवर अधिकार दिला, हे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. परंतु तो अधिकार कशासाठी आणि कुठवर? भुकेसाठी मासा मारणे आणि आनंदासाठी मासा धरून सोडणे, यांपैकी अधिक निर्दोष कोणते? प्रथमदर्शनी दुसरेच निर्दोष वाटते, कारण तेथे जीव वाचतो. पण जे प्रथमदर्शनी वाटते ते तपासून पाहणे हेच तर विवेकाचे काम आहे.

माशाचा परतीचा प्रवास

आधी हे मासे कोण, ते पाहू. आपल्याकडे हॉटेलांच्या यादीत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. पण रावस आणि सॅमन यांचे नाते केवळ नावापुरते आहे. आपला रावस किनाऱ्याच्या उथळ समुद्रात आणि खाडीच्या मुखाशी वावरणारा मासा. सॅमन जन्मतो गोड्या पाण्यात, डोंगरातल्या नदीच्या तळाशी, मादीने शेपटीने उकरलेल्या वाळू-गोट्यांच्या खळग्यात. पुढे तो समुद्रात उतरतो, एक ते अनेक वर्षे तेथे वाढतो आणि प्रजननाची वेळ आली की ज्या नदीत जन्मला तिच्याकडेच परततो. जन्मभूमीच्या पाण्याचा वास त्याला वाट दाखवतो, असे शास्त्रज्ञांना आढळून आले आहे. प्रवाहाविरुद्ध शेकडो किलोमीटर पोहत, धबधब्यांवरून उड्या घेत तो वर चढतो. या चढणीत प्रशांत महासागराचा सॅमन जवळजवळ काहीच खात नाही. अंगातल्या चरबीवर तो हा प्रवास करतो. अंडी घालून झाली की नर-मादी दोघेही मरतात. त्यांची शरीरे अस्वले आणि पक्षी नेतात, उरलेली तेथेच कुजतात, आणि समुद्रातून आलेले ते खत काठावरच्या झाडांनाही मिळते.

स्टीलहेड हा त्याचाच आप्त. इंद्रधनुषी ट्राउट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाची समुद्रात जाऊन येणारी जात म्हणजे स्टीलहेड. त्याचे वैशिष्ट्य असे की अंडी घातल्यानंतर तो मरतोच असे नाही. काही मासे समुद्रात परत जातात आणि पुन्हा एकदा नदीवर येतात. तो संख्येने थोडा, बळाने मोठा आणि गळाला अत्यंत दुर्मीळ. तिकडचे गळवाले त्याला हजार फेकींचा मासा म्हणतात.

त्यासाठी ते जी कला वापरतात तिला फ्लाय फिशिंग म्हणतात. साध्या गळात वजन गळाच्या टोकाशी असते आणि ते दोरीला ओढून नेते. येथे उलट आहे. पिसे, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेली माशी जवळजवळ वजनहीन असते. वजन असते ते दोरीला. लवचिक काठीने ती दोरी हवेत मागे-पुढे झुलवून पाण्यावर अलगद अंथरावी लागते. मोठ्या नद्यांवर दोन्ही हातांनी धरावयाची बारा-चौदा फूट लांबीची काठी वापरतात; ती स्कॉटलंडमधील स्पे नदीच्या नावाने ओळखली जाते. ही कला फार जुनी आहे. इ. स. २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातील लोक गळाला लाल लोकर आणि पिसे बांधून मासे कसे धरतात याचे वर्णन केले. ती नदी बिरुया आणि थेस्सलनीका यांच्यामधली. ज्या दोन नगरांत संत पौलाने शुभवर्तमानाची घोषणा केली, त्यांच्याच मधली ही नदी!

गळाची बाजू

गळवाल्यांचे म्हणणे नीट ऐकून न घेता निवाडा देणे अन्यायाचे होईल. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

ख्रिस्तसभेने मासेमारीकडे नेहमीच सौम्य दृष्टीने पाहिले आहे. बाराव्या शतकात ग्रेशियन याने संकलित केलेल्या धर्मनियमांत धर्मगुरूंना शिकारीची मनाई दिसते. मासेमारीला मात्र मुभा आहे. शिकारीत गलबला आहे, कुत्री आहेत, रक्ताचा उन्माद आहे. मासेमारीत शांतता आहे, असा त्यामागचा विचार. शिवाय प्रभूने आपले पहिले शिष्य शिकाऱ्यांतून निवडले नाहीत, कोळ्यांतून निवडले. १६५३ साली आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाने गळाच्या कलेवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात त्यानेही याच मुद्द्याचा आधार घेतला आहे.

ही कला नवशिक्याला जे शिकवते तेही क्षुल्लक नाही. जाणते लोक त्याला आधी नदीवर नेतच नाहीत. गवताच्या मैदानात, गळाशिवाय, नुसती दोरी टाकावयास शिकवतात. जोर लावला की दोरी गोळा होऊन पायाशी पडते. थांबला, दोरीला मागे उलगडू दिले, की ती पुढे सरळ जाते. थांबणे हाच त्यातला अर्धा धडा. मग पाणी वाचावयास शिकावे लागते: खडकामागचा शांत पट्टा कोणता, प्रवाह कुठे मंदावतो, थकलेला मासा कुठे विसावत असेल. एक फेक, एक पाऊल खाली, पुन्हा एक फेक, अशा रीतीने सबंध दिवस जातो आणि संध्याकाळी हात रिकामाच असतो. प्रत्येक क्षण कामाला जुंपलेल्या आणि प्रत्येक श्रमाचे फळ तत्काळ मागणाऱ्या आपल्या पिढीला असा रिकामा हात सोसण्याची सवय राहिलेली नाही. आपल्या जपमाळेतही याच प्रकारची शिस्त आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. नदी आजारी पडली की तिच्यात रोज उभा राहणाऱ्याला ते आधी कळते. आपल्या देशातलेच उदाहरण घ्या. कावेरीतील कुबडाच्या महासीर माशाची संख्या कशी ढासळली, हे तेथील गळवाल्यांच्या छावणीने वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदवहीवरून स्पष्ट झाले. २०१८ साली त्या माशाची अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत नोंद झाली. आपल्या महाराष्ट्रातही महासीर आहे. खडशी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दख्खनी माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले, ते पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून. आज त्या नद्यांची अवस्था काय आहे, हे सांगावयास नको. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महासीराची पैदास करून पिल्ले ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. जेथे मासा प्रिय आहे असा कोणी माणूस असतो तेथेच त्याच्यासाठी खटपट होते, हे मान्य करावयास हवे.

ओठातील वेदना

आता दुसरी बाजू. माशाला दुखते काय?

‘माशाला काय कळते!’ असे आपण सहज म्हणतो. २००३ साली स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा केली. त्यांनी निवडलेला मासा होता इंद्रधनुषी ट्राउट, म्हणजे आपल्या स्टीलहेडचीच जात. त्याच्या तोंडाभोवती आणि डोक्यावर इजेची जाणीव करून देणारी मज्जाग्रे त्यांना आढळली. ओठात मधमाशीचे विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचले असता मासे खाणे सोडून बसले, जोरजोराने श्वास घेऊ लागले. आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. वेदनाशामक दिल्यावर हे वागणे कमी झाले. उलट बाजूचे शास्त्रज्ञ म्हणतात, माशाच्या मेंदूत माणसासारखे बाह्यपटल नाही, म्हणून त्याची प्रतिक्रिया असेल, पण आपल्याला होते तशी वेदना नसेल. हा वाद अजून संपलेला नाही.

वाद संपलेला नसताना माणसाने कसे वागावे? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवताना यासाठी एक जुने उदाहरण देत असत. शिकारी रानात आहे, झुडूप हलते आहे. मागे हरीण आहे की माणूस, हे त्याला ठाऊक नाही. त्याने बाण सोडावा काय? नाही. खात्री होईपर्यंत हात आवरणे हेच त्याचे कर्तव्य. मासा माणूस नव्हे, हे खरे. आणि म्हणून तेथे पथ्यही तितके कडक नसेल. परंतु तत्त्व तेच आहे: दुसऱ्याच्या दुःखाविषयीची आपली शंका ही आपल्याला मिळालेली मुभा नव्हे.

याचा अर्थ मासे खाऊ नयेत असा नाही. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, असे संत लूक सांगतो. आणि तिबिर्याच्या काठावर त्याने स्वतः निखाऱ्यांवर मासे ठेवून त्यांना न्याहारीला बोलावले, असे संत योहान सांगतो. ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा कॅटेकिझमही अन्नासाठी आणि वस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे न्याय्य मानतो. त्याच वेळी प्राण्यांना विनाकारण दुःख देणे किंवा मारणे हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, असेही तो बजावतो. संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे असे की, मुक्या जनावराशी क्रूर वागणारा माणूस हळूहळू माणसांशीही क्रूर होतो. २०१५ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच शिकवणुकीचा पुनरुच्चार केला आणि प्रत्येक जीवाचे स्वतःचे असे मोल आहे, ते केवळ आपल्या उपयोगावर अवलंबून नाही, हे ठासून सांगितले.

सगळा प्रश्न त्या ‘विनाकारण’ शब्दापाशी येऊन थांबतो. भूक हे कारण आहे. उपजीविका हे कारण आहे. मौज हे कारण होऊ शकते काय? चढणीवरचा सॅमन भुकेलासुद्धा नसतो. तो खोट्या माशीवर का झडप घालतो, हे कोडे आहे. चीड असेल, जुनी सवय असेल. आयुष्यातल्या अखेरच्या कामासाठी शिल्लक ठेवलेले त्याचे बळ आपण आपल्या दहा मिनिटांच्या थरारासाठी खर्च करतो. मग त्याला सोडून देतो आणि स्वतःला दयाळू समजतो! सोडलेले सगळे मासे जगतातच असेही नाही. पाणी थंड असेल, मासा पाण्याबाहेर काढलाच नाही, त्याला फार दमवले नाही, तर बहुतेक वाचतात. पाणी तापलेले असेल, छायाचित्रासाठी त्याला हवेत धरून ठेवले असेल, तर मरणाऱ्यांची संख्या वाढते. गरजेपोटी मारलेल्या माशाचे ऋण आपण कृतज्ञतेने जेवून फेडतो. गरज नसताना दुखावलेल्या माशाचे ऋण कशाने फेडायचे? आजीच्या हसण्यात हाच प्रश्न होता. स्वित्झर्लंडच्या कायद्यालाही तो पटलेला दिसतो. केवळ सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरण्यास तेथे मनाई आहे.

ब्रिटिश कोलंबियात मात्र कायद्याचे टोक नेमके उलटे आहे. तेथे नैसर्गिक स्टीलहेड सोडून देणे सक्तीचे आहे. नद्यांवर काटा नसलेला एकेरी गळच वापरावा लागतो. परवान्याशिवाय या माशांसाठी वेगळे शुल्क भरावे लागते. ठेवता येतो तो पैदास केंद्रातला मासा. त्याच्या पाठीवरचा छोटा पर कापलेला असतो, म्हणून तो ओळखता येतो. या नियमामागे विलक्षण करुण वस्तुस्थिती आहे. फ्रेझर नदीला मिळणारी थॉम्पसन ही एके काळी स्टीलहेडसाठी जगप्रसिद्ध होती. २०१८ च्या आरंभी कॅनडातील संकटग्रस्त जीवांविषयीच्या समितीने इशारा दिला, तेव्हा थॉम्पसनमध्ये परतलेल्या माशांचा अंदाज होता १७७. शेजारच्या चिलकोटिनमध्ये ५८. आपल्या एखाद्या आळीतील माणसे याहून अधिक भरतील. ज्या कुळाची एवढीच डोकी उरली आहेत, त्यातल्या एकाशी खेळावयाचे आणि मग उदार मनाने त्याला जीवदान द्यावयाचे, ही कल्पनाच विवेकाला टोचते.

आपल्या दारचे पाणी

येथवर वाचून कोणी म्हणेल, कॅनडातल्या माशाची चिंता नंदाखालमध्ये कशाला? परंतु चढणीचा मासा आपल्यालाही परका नाही. मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या, ओढे-नाले भरून वाहू लागले, की नदी-तळ्यांतले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि भाताच्या खाचरांत अंडी घालतात. यालाच आपण वलगण म्हणतो. शिवडे, खवली, शिंगटी, गाभोळीने भरलेल्या. टॉर्च आणि टोपल्या घेऊन रात्री धावणारी मुले, बांधाच्या तोंडाशी लावलेले बांबूचे सापळे, भर पावसात फेकलेले पाग, आणि सकाळी घराघरांतून येणारा कालवणाचा वास. हे आपल्या लोकजीवनातले लोभस चित्र आहे. सॅमनच्या महाकाव्याची ही आपली छोटी ओवी.

पण तिच्यातही तोच प्रश्न दडलेला आहे. वलगणीचा मासा म्हणजे पुढल्या वर्षाचा मासा. पूर्वी सापळ्याच्या बाजूने पाणी निसटत असे आणि पाण्याबरोबर अर्धे मासेही. आज नायलॉनच्या बारीक जाळ्याने मोरीचे तोंड या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद करता येते. कित्येक ठिकाणी पाण्यात विषारी पूड टाकतात, विजेचा प्रवाह सोडतात. तेव्हा भुकेचे कारण मागे पडलेले असते. उरते ती मिळेल तेवढे घेण्याची हाव. हबक्कूक संदेष्ट्याने अशा माणसाचे चित्र रेखाटले आहे. तो सगळ्यांना गळाने वर ओढतो, जाळ्यात गोळा करतो आणि शेवटी आपल्या जाळ्यालाच धूप दाखवू लागतो. साधन हाच देव झाला की मूर्तिपूजेला वेगळी मूर्ती लागत नाही.

याहूनही गंभीर गोष्ट अशी की, आज वलगणीच्या माशाला जाळ्याआधी भिंतच आडवी येते. नाले बुजवून, खाचरांवर भराव टाकून, पाण्याच्या वाटेवर आपण इमारती उभ्या केल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या चळवळीतील कार्यकर्ते यांनी या भूमीच्या वतीने किती वर्षे आक्रोश केला, हे आपण जाणतो. २०१८ च्या जुलैमध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात उभे होते, तेव्हा पाणी आपली जुनी वाट शोधीत आपल्या घरांत शिरले. ज्या वाटेने मासा चढत होता तीच पाण्याची वाट होती. गळवाल्याने निदान आपल्या हाताने दुखावलेल्या माशाच्या डोळ्यांत पाहिलेले असते. भराव टाकणाऱ्याने एकही मासा पाहिलेला नसतो आणि तरीही सबंध कुळ संपवलेले असते. दिसणाऱ्या वेदनेपुरतीच आपली दया जागी होत असेल, तर ती दया अजून अपुरी आहे.

याच भूमीत संयमाची उदाहरणेही आहेत. पावसाळ्याच्या आरंभी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. त्याआधी शतकानुशतके आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवीतच होते. महाड तालुक्यात वाळणकोंडच्या डोहातील मासे लोकांनी वरदायिनी देवीच्या नावाने राखले आहेत. त्यांना कोणी धरीत नाही. कॅनडाच्या त्या किनाऱ्यावरील मूळ रहिवासी हंगामातल्या पहिल्या सॅमनचे विधिपूर्वक स्वागत करतात, तो सर्वांमध्ये वाटून खातात आणि त्याची हाडे आदराने पाण्याला परत देतात. धर्म निराळे, भाषा निराळ्या. पण घेण्यापूर्वी थांबावयास हवे, ही जाणीव सर्वत्र एकच आहे.

मग त्या तरुणाला काय सांगावे? त्याने शिकूच नये, असे मी म्हणणार नाही. परक्या देशात एकट्या पडलेल्या माणसाला नदीचे सान्निध्य आणि चार सज्जनांची सोबत मिळत असेल, तर ती देवाची देणगीच आहे. त्याने दोरी टाकण्याची कला गवतावर मनसोक्त शिकावी. नदीवर जावे ते परवाना घेऊन, नियम वाचून. आणि जेथे, ज्या हंगामात, जो मासा खाण्यासाठी ठेवण्याची अनुज्ञा आहे त्याच माशासाठी जावे. तो मिळाला की त्वरेने त्याचा जीव घ्यावा, उपकारस्तुती करून कुटुंबासह तो खावा, आणि घरची गरज भागली की त्या दिवसापुरती काठी गुंडाळावी. अंगात बळ आहे आणि वेळ आहे म्हणून दुसरा, तिसरा, दहावा मासा सोडण्यासाठी धरू नये. ज्या नदीत नैसर्गिक स्टीलहेडच उरले आहेत आणि तेही बोटांवर मोजण्याइतके, तेथे काठी घरी ठेवून जावे. काठावर बसून पाहावे. चुकून असा मासा गळाला लागलाच, तर हात ओले करून, त्याला पाण्याबाहेर न काढता सोडावे. पण ते पुण्य समजू नये. लागलेल्या धक्क्याची ती भरपाई आहे, आणि भरपाईचा सराव कोणी मुद्दाम करीत नाही.

यावर ज्यांचे मत वेगळे आहे अशा सज्जन गळवाल्यांना मी पापी ठरवीत नाही. ज्याने आयुष्यभर नदीची राखण केली त्याच्या गळाचा न्याय परमेश्वर माझ्याहून अधिक चांगला करील. मी फक्त एवढेच म्हणतो की, ‘सोडून दिला’ या उत्तराने ‘धरला कशाला?’ हा प्रश्न मिटत नाही.

आणि हीच मोजपट्टी आपण आपल्या दारातही लावावी. वलगणीच्या रात्री मुलांना घेऊन जरूर जावे; तो आनंद त्यांच्यापासून हिरावून घेऊ नये. त्यांना पाग टाकावयास शिकवावे, गाभोळीने फुगलेली मादी कशी ओळखावी ते दाखवावे, आणि ती पुन्हा पाण्यात सोडताना का सोडतो तेही सांगावे. एका कालवणापुरते मासे झाले की घरी परतावे. मोरीचे तोंड कधीही पुरते बंद करू नये. निम्मे पाणी मोकळे ठेवावे, म्हणजे वर चढणाऱ्याला वाट राहील.